लष्करी अळीच्या अंडीपुंजातून निघालेली काळी माशी, आणि डीएनएवरून तिची ओळख

हिरण्यकेशी

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीतल्या संकेश्वर-हुक्केरी पट्ट्यात आमची शेती. नदीकडेला ऊस, माळाला मका आणि सोयाबीन. अमेरिकन लष्करी अळी २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्याकडं सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तेव्हापासून मक्याचा पोंगा आणि फवारणीचा पंप यांची जोडी सुटलेली नाही. यंदा खरिपात पानामागचे अंडीपुंज पानासकट कापून बाटलीत ठेवले आणि तोंडाला मलमल बांधली. बऱ्याच पुंजांतून अळ्या निघाल्या. काही पुंज मात्र काळे पडले आणि त्यांतून मिरीच्या कुटापेक्षाही बारीक काळ्या माश्या बाहेर आल्या.

तालुक्याच्या गावी एका दुकानात बाटली दाखवली, तर "ट्रायकोग्रामा आहे, आमच्याकडं कार्ड मिळतं" म्हणून सांगितलं. ट्रायकोग्रामा म्हणजे किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालून ते संपवणारी बारीक मित्रमाशी; अशी माशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड रानात लावतात. धारवाडला कीटकशास्त्र शिकणाऱ्या पुतणीनं भिंगाखाली बघितलं आणि म्हणाली, "काका, ट्रायकोग्रामा पिवळसर-तपकिरी असते, डोळे लाल असतात. ही काळी कुळकुळीत आहे. टेलेनोमस असणार, तीही किडीच्या अंड्यातच वाढते. पण टेलेनोमसच्या जाती पुष्कळ, नुसत्या नजरेनं त्यातली कुठली ते सांगता यायचं नाही." पुढं तिच्या ओळखीनं डीएनए तपासला गेला. जुळणी आली टेलेनोमस रेमस.

नाव कळून काय फरक पडतो, असं घरातच विचारलं गेलं. फरक मोठा आहे. लष्करी अळीची मादी अंडी थरावर थर घालते आणि वर अंगाचे खवले पसरते. ट्रायकोग्रामा बहुतेक वरच्या थरातल्या अंड्यांपर्यंतच पोचते. रेमस मात्र खवल्यांमधून वाट काढून खालच्या थरापर्यंत जाते. उसातल्या खोडकिडीसाठी आपण जे ट्रायकोग्रामा किलोनिसचं कार्ड लावतो, तेच मक्यात लावून "काही उपयोग झाला नाही" म्हणणारे आमच्या भागात कितीतरी आहेत. कार्डाचा दोष असेल, नसेल. पण कोणत्या किडीला कोणती माशी, हेच ठरलेलं नसेल तर दोष काढणार तरी कुणाचा?

आणखी एक. ही रेमस आमच्या रानात कुणी सोडलेली नाही, ती आधीपासून आहे. अंडीपुंज दिसले की लगेच फवारायचं ही आमच्याकडची रीत. त्या फवाऱ्यात आपण कुणाला मारतो ते आता मला नावानिशी माहीत आहे, म्हणून हा धागा. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, खानापूर, कुठल्याही शिवारातलं असलं काही बघितलं असेल तर लिहा. आणि डीएनएचं काम कसं चालतं, त्यावर किती भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी सांगावं.

वेदगंगा

चांगला धागा काढलासा. आमचं निपाणीकडचं रान. २००२ साली सांगलीकडनं उसावर लोकरी मावा आला, त्याची आठवण झाली. पानाच्या मागची बाजू कापूस पिंजून टाकल्यागत पांढरी, नि खालच्या पानांवर काळी काजळी. फवारायला उसात शिरायचं कसं, तेच कळंना. पुढं कृषी विद्यापीठाची माणसं आली. डिफाच्या अळ्या नि मायक्रोमस असलेली पानं एका रानातनं काढून दुसऱ्या रानात बांधायला शिकवली. आम्ही सायकलवरनं पानं नेलीत. मावा बसला तो असा. तवा कुणी डीएनए बघितला न्हवता. मग आत्ताच एवढं कशाला, हे जरा समजावून सांगा.

कीटकवेडी

वेदगंगा काका, तुम्ही पानं नेऊन बांधलीत ते आपल्या देशातल्या जैविक कीडनियंत्रणाच्या मोठ्या यशांपैकी एक आहे. मी खानापूरची, सध्या बेंगळुरूत कीटकांच्याच प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडं नवीन मुलांना शिकवताना लोकरी माव्याचं उदाहरण हटकून निघतं.

डिफा हा पतंग आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक. दोघेही मावा खातात आणि डोळ्यांना सहज दिसतात, म्हणून तुम्हाला ते पानासकट ओळखून उचलता आले. त्याच मोहिमेत एनकार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही माशीही ईशान्य भारतातून आणून सोडली होती. ती इतकी बारीक की तिला पानावर शोधणंच कठीण, मग जात ओळखणं लांबच. परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या किडीच्या अंगात किंवा अंड्यात वाढून तिला संपवणाऱ्या माश्यांची सगळी अडचण इथं आहे. ज्या गटात यातल्या पुष्कळ माश्या येतात, त्या काल्सिडॉइडिया गटात आजवर नाव मिळालेल्या जातीच २२ हजारांवर आहेत. नाव न मिळालेल्या कितीतरी अधिक. ट्रायकोग्रामाची लांबी अर्धा मिलिमीटर. दोन जातींमधला फरक कधी मिशीवरच्या केसांत असतो, कधी नराच्या जननेंद्रियाच्या आकारात.

डीएनएचं काम थोडक्यात सांगते. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं, त्यांचा क्रम जातीजातीत बदलतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये हाच तुकडा सगळ्या प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा असं सुचवलं. त्याला डीएनए बारकोड म्हणतात. माशीतून डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात त्या तुकड्याच्या लाखो प्रती करायच्या, अक्षरांचा क्रम वाचायचा आणि जगभरच्या नोंदींशी ताडून बघायचा. बोल्ड आणि जेनबँक हे त्यासाठीचे मोठे साठे. एका जातीच्या माश्यांमध्ये फरक सहसा अगदी थोडा असतो. तो दोन टक्क्यांच्या वर गेला की दुसरी जात असण्याची शंका घ्यायची. हा अंदाज आहे, नियम नव्हे.

मलप्रभा

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. बैलहोंगलजवळ राहतो. कीटकवेडी यांनी छान लिहिलं आहे, पण एक बाजू मला ठामपणे मांडायची आहे.

साठ्यातल्या अक्षरांना नाव कोणी दिलं? सूक्ष्मदर्शकावर आयुष्य घालवलेल्या माणसानं. आपल्याकडं ट्रायकोग्रामा किलोनिसला एके काळी ऑस्ट्रेलिकम म्हणत होते. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी नरांच्या जननेंद्रियाचा अभ्यास आणि जातींचे आपसांतले संकर यांवरून तो गुंता सोडवत आणला, तेही १९७० च्या दशकात. अलीगढचे मोहम्मद हयात, कालिकतचे टी. सी. नरेंद्रन यांनी शेकडो माश्यांची वर्णनं केली. ही नावं मागं नसती तर तुमच्या यंत्रातून निघालेली ६५८ अक्षरं मुकीच राहिली असती. उद्या जेनबँकेत कुणी चुकीच्या नावानं नोंद टाकली, तर तीच चूक सगळ्यांच्या अहवालात उतरते. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ४०३ नव्या जाती मुख्यतः बारकोड आणि एकेक छायाचित्र देऊन जाहीर केल्या गेल्या, तेव्हा कित्येक वर्गीकरणतज्ज्ञांनी जाहीर हरकत घेतली. ती मला रास्त वाटते.

आपल्या विद्यापीठांतून डोळ्यांनी माशी ओळखणारी माणसं कमी होत आहेत. त्यांच्या जागी यंत्र आणलं की भागलं, असं कुणी समजू नये.

कीटकवेडी

सर, पूर्ण सहमत. माझ्या टेबलावर अजूनही सूक्ष्मदर्शक आधी आणि पीसीआर नंतर. पण उलट बाजूही त्याच कोस्टा रिकातली आहे. तिथं अळ्या पाळून त्यांतून निघालेल्या मायक्रोगॅस्ट्रिनी गटातल्या परोपजीवी माश्या तज्ज्ञांनी रूपावरून १७१ जातींत लावल्या होत्या. बारकोड आणि यजमान अळीच्या, म्हणजे जिच्या अंगात माशी वाढते त्या अळीच्या, नोंदी जोडल्यावर २००८ मध्ये तो आकडा ३१३ वर गेला. सगळ्या अळ्यांवर चालते असं वाटणारी एक माशी प्रत्यक्षात अनेक जातींची निघाली, आणि त्यातली प्रत्येक एखाद-दुसऱ्याच अळीवर जगणारी. आपल्या कामासाठी हे फार मोलाचं. हरभऱ्यातल्या घाटेअळीवरची आणि मक्यातल्या लष्करी अळीवरची कॅम्पोलेटिस ही परोपजीवी माशी एकच असेल तर हरभऱ्याच्या रानात वाढलेल्या माश्या मक्याला कामी येतील. दिसायला एक पण आतून वेगळी असेल तर येणार नाहीत.

नरावरून ओळखण्याबद्दल अजून एक अडचण. ट्रायकोग्रामाच्या काही वंशांत वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात. ते आईकडून अंड्यात उतरतात आणि त्यांच्यामुळं माद्या नराशिवायच माद्या जन्माला घालतात. नरच नसतील तर ओळखायचं कशावरून? प्रतिजैविक दिलं की पुन्हा नर जन्मतात, हे १९९० मध्ये दाखवलं गेलं. पण पानावरून आणलेल्या चार माद्यांसाठी तेवढा वेळ कुणाकडं असतो? तिथं डीएनएच उपयोगी पडतो.

आणि हेच वोल्बाकिया बारकोडलाही चकवतात. संसर्ग झालेल्या माद्यांची संख्या वाढत गेली की त्यांच्याबरोबर एकाच प्रकारचा मायटोकाँड्रियाचा डीएनए सगळीकडं पसरतो. क्वचित संकरातून तो शेजारच्या जातीतही शिरतो. मग सीओआय दोन जातींना एक म्हणतं. म्हणून ट्रायकोग्रामाच्या बाबतीत केंद्रकातल्या डीएनएमधला आयटीएस-२ हा तुकडा बघतात. त्याची लांबी आणि क्रम जातीनुसार बदलतो. दोन साक्षीदार जुळले आणि रूपही जुळलं, तरच आम्ही नाव लिहितो.

अथणीकर

आमच्याकडे कापसात पिठ्या ढेकूण. मागं एकदा ढेकणाची साल कडक, तांबूस झालेली आणि तिला गोल भोक पडलेलं बघितलं. आतून माशी गेली असं म्हणतात. ती कोणती?

कीटकवेडी

@अथणीकर, बहुधा एनासिअस. कापसावरच्या पिठ्या ढेकणाचा, फेनाकोकस सोलेनोप्सिसचा, आपल्याकडं पुष्कळ बंदोबस्त हिनंच केला. २००९ मध्ये हयात यांनी तिला एनासिअस बंबावालेई हे नवं नाव दिलं. नंतर ती अमेरिकेतून फार पूर्वीच वर्णन झालेल्या एनासिअस ॲरिझोनेन्सिसचीच निघाली. म्हणजे ढेकूणही बाहेरचा आणि त्याच्यावरची माशीही बाहेरची, कुणी न आणता आलेली. नाव बदललं तेव्हा तिच्याबद्दल दुसऱ्या देशांत झालेला सगळा अभ्यास एकदम आपल्या हाती आला. ती तांबूस, कडक साल दिसली तर त्या झाडावर फवारू नका.

काळी_माती

पपईचं पण असंच काही झालं होतं ना?

हिरण्यकेशी

हो. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला. पपईबरोबर तुती, टॅपिओका, कितीतरी पिकांवर गेला. औषधं मारून हटेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही माशी बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं आणली आणि सोडली. पुतणीच्या तोंडून ऐकलं की अशा कामात आधी ढेकणाची जात नक्की करावी लागते, मग तिच्यावरच जगणारी माशी शोधायची आणि आणलेल्या माश्यांत दुसरी कुठली मिसळलेली नाही हे तपासून घ्यायचं. चुकीची माशी आली तर ती आपल्या कामाच्या कीटकांवरही बसू शकते.

कडोली_शिवार

आम्ही बेळगावच्या बाजूला कोबी करतो. पानामागं तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसतात. गावात सगळे त्याला किडीची अंडी समजून औषध मारतात. हे काय असतं?

कीटकवेडी

@कडोली_शिवार, दादा, बरं झालं विचारलंत. बाजूला चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी असेल तर ते कोष बहुधा कोटेशिया व्हेस्टॅलिसचे. हिला पूर्वी कोटेशिया प्लुटेली म्हणत. माशी अळीच्या पोटात अंडं घालते, पिल्लू अळीला आतून खातं आणि बाहेर येऊन शेजारी पांढरा कोष विणतं. एक कोष म्हणजे एक अळी संपली. त्या पतंगाच्या अळ्या बहुतेक औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत, त्यामुळं हा कोष तर जपायलाच हवा.

पण थोडी सावधगिरी. त्या कोषावरही दुसरी माशी बसते, आपल्या मित्राला खाणारी. अशा माश्यांना दुय्यम परोपजीवी म्हणतात. बाटलीत कोष ठेवला आणि माशी निघाली की ती कोटेशियाच असेल असं नाही. एखाद्या शिवारात मित्रकीटक सोडूनही टिकत नाहीत, त्याचं एक कारण हे असू शकतं. कोषाच्या आत कोण वाढतंय ते डीएनएवरून माशी बाहेर येण्याआधीही कळतं. तसंच अळीच्या पोटात माशीचं अंडं आहे की नाही हेही कळतं. रानातून अळ्या आणायच्या, प्रत्येकीचा डीएनए काढायचा आणि फक्त माशीच्या डीएनएला चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून पीसीआर करायचा. अळ्या पाळायची वाट बघावी लागत नाही आणि पाळताना मेलेल्या अळ्याही हिशेबातून सुटत नाहीत. फक्त, अंडं सापडलं म्हणजे माशी जगलीच असती असं नाही. काही अळ्या पोटातल्या अंड्याभोवती पेशींचं कवच तयार करून ते मारतात. म्हणून अळ्या पाळून बघणंही सुटत नाही.

वेदगंगा

आता पटलं बगा. तवा आम्ही डोळ्यांना दिसत होतं तेवढंच उचललं. पण मला एक सांगा, आम्हाला बातमी मिळायची कुठनं? रैत संपर्क केंद्रात, म्हंजे कर्नाटकच्या शेतकी केंद्रात, कागद कन्नडमधनं. मराठीतला सल्ला येतोय तो राहुरी नि पुण्याकडनं, त्यात आमच्या हद्दीतलं काहीच नसतंय. दूधगंगेच्या अल्याड एक फवारणी सांगतात, पल्याड दुसरी. किडीला काय, नदी ओलांडली की झालं.

हिरण्यकेशी

@वेदगंगा, काका, मनातलं बोललात. लोकरी मावा सांगलीकडनं आपल्याकडं आला, लष्करी अळी शिवमोग्याकडनं वर गेली. आपला पट्टा दोन्ही वाटांवर आहे आणि नोंदी मात्र दोन्हीकडं तुटक. म्हणूनच आपल्या शिवारातल्या माश्यांची गावासकट, तारखेसकट नोंद व्हावी असं मला फार वाटतं. साठ्यात नोंद गेली की ती धारवाडलाही दिसते आणि राहुरीलाही. सल्ला कुठल्याही भाषेत लिहा, पण ही माशी हुक्केरीत आहे हे दोघांनाही माहीत असायला हवं.

मलप्रभा

हे काम शेतकऱ्यांशिवाय होणार नाही, यात मला शंका नाही. माझ्याकडं जुना सूक्ष्मदर्शक आहे. गटापर्यंतची ओळख मी आनंदानं करून देईन. मट्टीकोपचं कृषी विज्ञान केंद्र मला जवळ आहे, तिथंही बोलतो. पण नमुने नीट आले पाहिजेत. सडलेली, बुरशी आलेली माशी कुणाच्याच उपयोगाची नाही.

कीटकवेडी

नमुन्यांबद्दल लिहिते, कारण सगळं घोडं तिथंच अडतं.

एका बाटलीत एकच अंडीपुंज. लष्करी अळ्या असतील तर बाटलीत एकच अळी, त्या एकमेकींना खातात. तळाला टिशू पेपर, म्हणजे पाणी साचत नाही. बाटली सावलीत. माशी निघाली की तिला ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये टाकायचं. ते कॉलेजच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. फॉर्मालिन अजिबात नको, त्यात डीएनए खराब होतो. सॅनिटायझरही नको. काहीच नसेल तर कोरड्या बाटलीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, चालतं. ज्या अळीतून किंवा अंड्यांतून माशी निघाली त्यांची साल, टरफलंही त्याच बाटलीत राहू द्या. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक, कुठली कीड आणि आधीची फवारणी कुठली नि कधी, एवढं हवंच. यजमान कीड माहीत नसलेली माशी म्हणजे अर्धीच माहिती.

माशी प्रयोगशाळेत नष्ट होईल अशी भीती नको. मोठी असेल तर एका पायातून डीएनए निघतो. ट्रायकोग्रामासारखी बारीक असेल तर अख्खी माशी द्रावात भिजवून डीएनए बाहेर काढतात आणि शरीर काचपट्टीवर बसवून जपतात. मलप्रभा सर म्हणतात ती डोळ्यांची तपासणी नंतरही करता येते, पन्नास वर्षांनीही.

आणि हे नमुने परदेशी कुणाला परस्पर पाठवू नका. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यासाठी परवानगी लागते. देशात काम होतं.

काळी_माती

खर्च कुणी करायचा? आमच्यासारख्यांना झेपेल का?

हिरण्यकेशी

प्रत्येक शेतकऱ्यानं प्रत्येक माशीचा डीएनए बघायचाच नाही, दादा. एका पट्ट्यातल्या मुख्य किडींवरच्या माश्या एकदा नीट ओळखल्या गेल्या, त्यांचे फोटो नि खुणा मराठीत आणि कन्नडमध्ये तयार झाल्या, की पुढं काळी की पिवळी, कोष एकटा की झुपक्यात, एवढ्यावर आपल्याला रानात बरंचसं कळेल. तोवर प्रयोगशाळेचं काम विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासात बसवता येतं. पुतणीच्या विभागात आमच्या माश्या तशाच तपासल्या गेल्या, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

रब्बीत मी बांधाच्या बाजूचा मका बिनफवारणीचा ठेवणार आहे, माश्यांना जागा म्हणून. हरभरा करणाऱ्यांनी घाटेअळीवर लक्ष ठेवा. लहान अळी मेलेली आणि तिच्या सालीशेजारी एकच राखाडी-पांढरा कोष दिसला तर कॅम्पोलेटिस असण्याची शक्यता आहे. तो पानासकट काढा. अथणीकर, कापसाच्या पऱ्हाट्या उपटण्याआधी ढेकणाच्या साली बघून ठेवा.

अथणीकर

बघतो. आमच्या शेजाऱ्याचाही कापूस आहे, त्याला आजच सांगितलं. पऱ्हाट्या अजून उभ्या आहेत.

कडोली_शिवार

कोबीची काढणी चालू आहे, कोष उद्याच गोळा करतो. ताई, चिठ्ठी बाटलीवर चिकटवू की आत टाकू?

कीटकवेडी

आत टाका, आणि पेन्सिलीनं लिहा. पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते, बाहेरची चिकटपट्टी फ्रीजमध्ये ओलीनं सुटते. निम्मे कोष तसेच बाटलीत पाळा, निम्मे लगेच इथेनॉलमध्ये. दोन्हींवर एकच क्रमांक घाला.